हाळीला घातलेलं फडकं

"ओढणी चांगली हाय. कंटाळा आला की मलाच द्या. दोन वाट्या देईन."

हौसाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून आवाजाची थरथर तपासत होते आणि त्या माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून पोत तपासत होत्या. दोघींचाही हात आपापल्या धंद्यावर होता.

आवाज तरी कसला! जुनं लुगडं टराटरा फाडावं तसा. शब्दाचा निम्मा भाग ऐकू यायचा, निम्मा घशातच राहायचा.

मी तेव्हा मिरजेत नवीन होते. वाचा-उपचाराची पदवी घेऊन नागपूरहून आलेली, पहिलीच नोकरी, दवाखान्याच्या आवारातच राहायला खोली. जिन्याखालच्या जागेत एक टेबल, एक आरसा आणि भिंतीवर तोंडाच्या आतलं चित्र, एवढा माझा संसार. वरच्या मजल्यावर कान-नाक-घशाचे डॉक्टर गुळवणी बसायचे. त्यांनी हौसाबाईंच्या केसपेपरवर लिहिलं होतं, 'स्वरतंतूंवर गाठी, दोन्ही बाजूंना. सहा आठवडे आवाजाचा उपचार, मग बघू.' आणि खाली जाड अक्षरात, 'ओरडणे पूर्ण बंद.'

"काय काम करता?" मी विचारलं.

"बोहारीण हाय. जुनं कापड घेते, भांडी देते. तीस वरसं झाली."

"म्हणजे दिवसभर ओरडता."

"वराडत न्हाई," त्या दुखावल्यासारख्या म्हणाल्या. "हाळी देते."

मी त्यांना चित्र दाखवलं. स्वरतंतू म्हणजे दाराच्या दोन फळ्या. हाळीचा पहिला आवाज कोणता, ते मी विचारून घेतलं. 'ए'. तो 'ए' त्या घशात दार आपटल्यासारखा काढत असणार. दिवसातून शेकडो वेळा फळीवर फळी आपटली की कडेला घट्टे पडतात. तेच हे.

हौसाबाईंनी चित्र नीट बघितलं. मग पायाशी ठेवलेल्या पाटीतून दोन ताटं काढली आणि एकमेकांवर घासली. करकर आवाज झाला.

"असं?"

"असंच."

"मंग त्यात काय! पोचे पडत्यातच की. म्हून तर आमी मधी फडकं घालतो." त्यांनी ताटांच्या मधे चिंधी सरकवली आणि ताटं परत पाटीत ठेवली. "माज्या गळ्यात कुटलं फडकं घालणार तुमी?"

मी हसले. प्रश्न विनोदाचा वाटला मला. उत्तर माझ्याकडे नव्हतं हे तेव्हा कळलंही नाही.

"पन लवकर करा," त्या म्हणाल्या. "अमुशाला आमची बैठक आस्ती."

मग त्यांनी फाटक्या आवाजात, मधेमधे पाणी पीत, सांगितलं. त्यांच्या वस्तीवरच्या बायकांत गावातल्या गल्ल्या वाटून घेतलेल्या. आपल्या वाट्याच्या गल्ल्यांना त्या 'शिवार' म्हणायच्या. हौसाबाईंचं शिवार सासूनं पदरात घातलेलं. दर अमावस्येला सगळ्या जणी जमायच्या आणि जिच्या शिवारात महिनाभर एकही भांडं गेलं नाही, तिचं शिवार दुसरीकडे जायचं. मागची अमावस्या दोन दिवसांपूर्वी झाली होती. आणि हौसाबाईंची जाऊ शेवंता, गळा टाळासारखा खणखणीत, पुढच्या अमावस्येची वाट बघत होती.

"दारं वाजवून विचारता नाही येणार? महिनाभर?"

हौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत मागे सरकले.

"दार वाजवलं तर ती भीक झाली, म्याडम. आमी हाळी द्यायची, बाईनं आपल्या पायानं भाईर यायचं. मंग तो सौदा."

पहिला आठवडा पूर्ण मौन. हे सांगणं सोपं, हौसाबाईंकडून करवून घेणं अवघड. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. रोज येताना एक तांब्या आणि पळी आणायच्या. एकदा टण् म्हणजे हो, दोनदा टण् म्हणजे नाही.

"पाणी भरपूर पिताय?"

टण्.

"घसा खाकरताय का?"

टण् टण्.

"शेवंताशी भांडलात?"

पळी तांब्याच्या काठावरून फिरली. मग, हळूच, टण्.

"हौसाबाई! हलक्या आवाजात तरी?"

त्यांनी पळी खाली ठेवली आणि आढ्याकडे बघत बसल्या. बाहेर बाकावर बसलेले पेशंट फिदीफिदी हसले.

मौन सुटल्यावर आम्ही आवाज घडवायला घेतला. हाळी दार आपटून सुरू व्हायची ती 'ए' मुळे, म्हणून मी 'ए' काढूनच टाकला. सुरुवात 'भ' ने करायची. 'भ' ओठांवर जुळतो, सोबत वाफ घेऊन येतो, घशाला धक्का बसत नाही. तोंडासमोर तळहात धरायचा आणि वाफ लागते का बघायचं. उंच पट्टी गळ्याला ताण देते, म्हणून आवाज खाली आणला. मी विचारलं होतं, हाळीत काय म्हणता? त्यांनी पुटपुटत सांगितलं होतं, भांडी आणि जुनं कापड, दुसरं काय. तेवढ्यावरून मी स्वच्छ, सुटसुटीत वाक्य बांधलं, 'भांडी घ्या, जुने कपडे द्या.' प्रत्येक अक्षर स्पष्ट, प्रत्येक श्वासाची जागा ठरलेली. वहीत दोन रंगांच्या शाईनं लिहिलं.

हौसाबाई मन लावून शिकल्या. आरशात ओठ बघायच्या, तळहातावरची वाफ मला दाखवायच्या, मधूनच माझ्या पडद्याचं कापड चाचपून "ह्याचं एक पातेलं" असं म्हणायच्या. मौन सुटल्यापासून बाराव्या दिवशी त्यांचा आवाज असा निघाला की मीच चकित झाले. मऊ, भरलेला, कुठेही चरा नाही. गुळवणी डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "गाठी निम्म्या झाल्या की! शाब्बास." शाब्बास मला म्हणाले की त्यांना, ते मी विचारलं नाही. मी दोघींसाठी पेढे आणले.

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई शिवारात फिरायला लागल्या. चार दिवस आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, धंदा जोरात असणार.

पाचव्या दिवशी शनिवार. त्या आल्या आणि पाटी माझ्या टेबलावर, केसपेपरांवरच, दाणकन ठेवली. ताटं, वाट्या, पातेली, झारे, सगळं चकाचक. मधली फडकी जागच्या जागी.

"जशी नेली तशी आनली," त्या म्हणाल्या. आवाज घंटेसारखा स्वच्छ. "चार दिस. एक बाई खाली उतरली न्हाई."

"असं कसं? हाळी दिलीत ना, शिकवली तशी?"

"दिली की. भांडी घ्या, जुने कपडे द्या." त्यांनी तळहात तोंडासमोर धरून दाखवला. वाफसुद्धा बरोबर. "घसा दुकला न्हाई, बसला न्हाई. पन खिडकी उघडंना. अमुशाला तीन दिस ऱ्हायलं." मग पाटीवरची धूळ पदरानं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचा आवाज बरा झाला म्याडम. माजा गेला."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

"उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "मी येते तुमच्याबरोबर."

"तुमी? पायात ह्या चपला घालून?"

"ह्याच घालून."

सकाळी दहाला आम्ही त्यांच्या पहिल्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. हौसाबाई चालता चालता बघत होत्या, कुठल्या दोरीवरचा शर्ट झिजलाय, कुठली पैठणी आता फक्त उशीच्या अभ्र्याच्या कामाची. माझ्या वहीत जसे रुग्णांचे उच्चार, तशी त्यांच्या डोळ्यांत अख्ख्या गल्लीची कापडं.

गल्लीच्या टोकाला, रसवंतीच्या सावलीत, आणखी एक बाई पाटी घेऊन उभी होती. आमच्याकडे बघून तिनं पदर नीट केला.

"शेवंता," हौसाबाई म्हणाल्या. "आली बगा गिधाड." आणि लगेच, "तशी वाईट न्हाई. तिला चार पोरी हायत."

त्या गल्लीच्या मध्यावर थांबल्या. पाटी खाली ठेवली. श्वास घेतला आणि माझं वाक्य म्हटलं. सुंदर म्हटलं. परीक्षेत पैकीच्या पैकी द्यावेत असं.

एका गॅलरीत एक बाई कपडे पिळत होत्या. त्यांनी वर मानसुद्धा केली नाही. हौसाबाईंनी पुन्हा म्हटलं. एक मांजर कठड्यावरून उतरून निघून गेलं.

तिसऱ्यांदा म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या मोकाशी काकूंनी खाली डोकावलं.

"अगंबाई, हौसा! तू आहेस होय? मला वाटलं महापालिकेची गाडी आली. ओला कचरा, सुका कचरा."

रसवंतीपाशी शेवंता खळखळून हसली.

"मीच हाय काकू," हौसाबाई म्हणाल्या. "चार दिस झालं हाळी देतीया."

"कुठे दिलीस? मी तर चार आठवडे तुझी वाट बघतेय. गाठोडं बांधून ठेवलंय. म्हटलं आजारी पडली की काय, मेली." काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मला न्याहाळलं. "ही कोण? सून केलीस?"

"आवाजाच्या डागदर हायत. माजी हाळी बदलली त्यांनी."

"का बरं? चांगली होती की!"

मला राहवलं नाही. मी खालूनच विचारलं, "काकू, आधीच्या हाळीत यांचे शब्द काय होते?"

"शब्द?" मोकाशी काकूंनी विचार केला. मागे वळून घरात कुणाला तरी विचारलं. परत खिडकीत आल्या. "त्यात शब्द होते?"

"मग ओळखायचात कशावरून?"

"अगं, ओळखायचं काय त्यात! पंचवीस वर्षं ऐकतेय. मी भाजी फोडणीला टाकलेली असते, मिक्सर चालू असतो, शब्द कोण ऐकतंय? ते असं यायचं ना," आणि काकूंनी ओठ मिटून, हात वर नेत, गुणगुणून दाखवलं. खालून निघून एकदम वर चढलेला सूर, वर गेल्यावर घार थांबते तसा थांबलेला, आणि शेवटी जिन्याच्या दोन पायऱ्या उतराव्या तसा उतरलेला.

समोरच्या गॅलरीतल्या, कपडे पिळणाऱ्या बाईंनी चटकन मान वर केली. "आली का हौसाबाई?"

मी भर रस्त्यात उभी होते आणि माझे कान तापले होते. महिनाभर मी त्या बाईचा गळा तपासला. उच्चार तपासले, श्वास तपासला, शब्द दोन शाईंनी लिहून काढले. आणि तिची हाळी मी एकदाही ऐकलेली नव्हती! ओरडायला बंदी होती, म्हणून 'देऊन दाखवा' असं मी कधी म्हटलंच नाही. काय म्हणता ते विचारलं. कसं म्हणता ते राहूनच गेलं.

"हौसाबाई," मी हळूच म्हटलं, "हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? चाल व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "ती कुटं माजी हाय? सासूची हाय. लगीन झाल्यावर पयलं वरीस तिनं पाटी हातात दिली न्हाई. नुसती मागं फिरवली. म्हनायची, आधी हाळी गळ्यात बसूं दे, मंग पाटी डोक्यावर. तुमी शब्द इचारले, मी शब्द सांगितले. मला वाटलं, डागदरीन बाई, शिकलेली, चाल बदलायलाच लागत आसंल."

तरी त्यांनी बदलली होती. सासूची चाल, तीस वर्षांची, माझ्या एका वहीच्या पानासाठी. एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

"काकू," मी वर ओरडले, "पुन्हा एकदा म्हणाल? तसंच, तोंड मिटून?"

"माझी भाजी लागतेय गं," म्हणत काकूंनी पुन्हा गुणगुणलं. या वेळी जरा लांबवून, त्यांनाही मजा वाटत असावी. म्म्मऽऽ... आणि वर.

हौसाबाईंनी माझा दंड गच्च धरला.

"म्याडम! ऐकलं का? काकूंनी फडकं घातलं!"

"काय घातलं?"

"फडकं वं! ताटात घालतो ते!" त्यांनी ओठ मिटून नाकाच्या हाडावर बोट ठेवलं. "बगा. म्म. हितं गुणगुण हुती, गळ्यात काय आपटत न्हाई. मंग वर जायाचं."

मी त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवली. 'म' वर थरथर ओठांत आणि नाकात होती, घसा सैल होता. जे सुरुवातीला मीच शिकवायला हवं होतं, ते एका काकूंनी फोडणी सांभाळत शिकवलं.

"पट्टी खालचीच ठेवा," मी घाईघाईनं म्हटलं. "आपण शिकलो तीच. चाल सगळी सासूबाईंची, जशीच्या तशी. फक्त 'ए' नाही. आधी फडकं."

"खालच्या पट्टीत ती चाल वळकतील व्हय?"

"भजन मोठ्या बुवांनी म्हटलं काय आणि बारक्या पोरानं म्हटलं काय, तुम्ही ओळखता ना?"

त्यांनी पाटी उचलून डोक्यावर घेतली. म्हणाल्या, पाटी डोक्यावर नसली की ती चाल येत नाही. मग डोळे मिटले.

म्म्मभांऽऽऽडीयेऽऽय.

ती हाळी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. खालून निघाली, वर गेली, गल्लीच्या वर थांबली आणि दोन पायऱ्या उतरून आमच्यापाशी आली. कुठेही चरा नाही.

क्षणभर काहीच झालं नाही. मग डावीकडे कडी वाजली. उजवीकडे एक पडदा सरकला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "आई गं, आली बघ ती, ते बाबांचे कोट काढ!" दुसरीकडून, "हौसाबाई, थांबा हं, जाऊ नका!" जिन्यांवर चपला वाजायला लागल्या. पाच मिनिटांत त्यांच्याभोवती सात बाया, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. कुठे होतीस, या साडीला एवढीशीच कढई, ही जरीची किनार बघ तरी, खरी आहे. हौसाबाईंनी पदर खोचला, जमिनीवर बसकण मारली आणि एक कोट उन्हात धरून, आरपार बघत, मान हलवली. "कसर लागलीया. चमचे देईन. चारच."

"सहा!"

"काकू, तुमी माजी हाळी राखली म्हून पाच."

मोकाशी काकू भाजीचा झारा हातात घेऊनच खाली उतरल्या होत्या.

शेवंता रसवंतीच्या सावलीतून पुढं आली. थोडा वेळ घासाघीस बघत उभी राहिली. मग पाटी डोक्यावर चढवत म्हणाली, "बरं हाय वैनी. जाते माज्या शिवारात." दोन पावलं गेली आणि वळली. "ते नाकातलं मला बी शिकवा कदी. माजाबी घसा दुकतो सांजचा."

"ये उद्या," हौसाबाई मान वर न करता म्हणाल्या. "तांब्या-पळी घेऊन ये."

*

याला सात वर्षं झाली. पुढे मी मिरजेतच लग्न केलं, आणि घर मिळालं ते नेमकं त्याच गल्लीत, मोकाशी काकूंच्या समोर. हौसाबाईंना माझी ती ओढणी शेवटी मिळाली. दोन वाट्या ठरल्या होत्या, त्यांनी तीन दिल्या. "तिसरी लागंल फुडं," असं म्हणाल्या होत्या.

लागली. आता त्या तिसऱ्या वाटीत माझी लेक रेवा वरण-भात खाते. निम्मा खाते, निम्मा केसांना लावते. अकरा महिन्यांची झाली. कितव्या महिन्यात मुलानं कुठले आवाज काढावेत, याचा तक्ता मी फ्रीजवर लावलाय. दवाखान्यात इतर आयांना मी सांगते, तक्त्याकडे फार बघू नका. घरी मी दिवसातून चार वेळा बघते. शेजारच्या घरातला तिच्याच वयाचा मुलगा 'बाबा' म्हणतो, 'पापा' म्हणतो, कुत्र्याला 'भू' म्हणतो. आमची बाई काहीच म्हणत नाही. नुसती माझ्या ओठांकडे टक लावून बघते, जशी एके काळी हौसाबाई आरशात बघायच्या.

परवा सकाळी मी तिला खिडकीशी धरून भरवत होते आणि पढवत होते. "म्हण, बाऽबा. ओठ बघ माझे. बाऽबा." तिनं भाताचं शीत माझ्या नाकाला चिकटवलं.

तेवढ्यात खालून हाळी आली. खालून निघाली, वर चढली, थांबली, दोन पायऱ्या उतरली.

रेवा एकदम गप्प झाली. वाटी हातातून सुटली आणि टणटणत घरभर फिरली. तिनं खिडकीचा गज धरला, ओठ मिटले. आणि मिटल्या ओठांनी, अगदी बारीक, म्म्मऽऽ... वर नेलं. वर गेल्यावर थांबली. मग एकेक करत दोन्ही पायऱ्या उतरली. शब्द एकही नाही. चाल जशीच्या तशी.

मी तिला आणखी वर उचलून धरलं. 

खाली रस्त्यात हौसाबाई थांबल्या. कपाळावर हात धरून त्यांनी एकेक खिडकी शोधली, आणि मग आमच्या खिडकीकडे बघून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात विचारलं,

"कोण गं ती, माज्या शिवारात हाळी देणारी?"